ईसीएम गेलं म्हणतात: नवं घ्यावं, दुरुस्त करावं की भंगारातलं बसवावं?

स्कॅनर काढून घेत मेकॅनिक म्हणतो, "भिया, ईसीएम गया समझो," आणि आपल्या पोटात गोळा येतो. ईसीएम म्हणजे इंजिनचा कारभार पाहणारा छोटा कॉम्प्युटर, आत सर्किट बोर्ड असलेला एक डबा. मग तीन वाटा सांगितल्या जातात: सर्व्हिस सेंटरमधून नवं मागवा, आहे त्याच बोर्डाची दुरुस्ती करून घ्या, नाहीतर भंगारात निघालेल्या गाडीचं बसवा. इंदूरला आमच्या घरात हा प्रसंग तीनदा आला, दोनदा आमच्या डिझेल एसयूव्हीवर आणि एकदा दादाच्या ट्रकवर. तिन्ही वेळा उत्तर वेगळं निघालं, म्हणून सगळं सविस्तर लिहितो आहे.

पहिल्या वेळी ईसीएम गेलेलंच नव्हतं. भर पावसाळ्यात, रामबागेतल्या घरासमोर, सेल्फ मारला की इंजिन फिरायचं पण गाडी चालू व्हायची नाही. स्कॅनरवर यू०१०० हा कोड होता. त्याचा अर्थ एवढाच, की बाकीच्या यंत्रणेला ईसीएमशी बोलता येत नाही. पण डबा मेला तरी तो बोलत नाही आणि डब्याला करंट मिळाला नाही तरी बोलत नाही. आमचा मेकॅनिक नवं मागवायच्या तयारीत होता. मी एक दिवस मागून घेतला आणि देवास नाक्याकडच्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनला बोलावलं.

त्याने काय केलं ते नीट पाहण्यासारखं होतं. मीटरवर १२ व्होल्ट बरोबर दिसत होते. तरी त्याने ब्रेक लाइटचा २१ वॉटचा बल्ब घेतला, एक टोक बॅटरीच्या प्लसला लावलं आणि दुसरं ईसीएमच्या कनेक्टरमधल्या अर्थच्या वायरला. बल्ब लख्ख पेटायला हवा होता. पेटली ती नुसती लालसर तार. मीटरला करंट जवळजवळ लागतच नाही, त्यामुळे वायरची एकच तार शिल्लक असली तरी तो १२ व्होल्ट दाखवतो. बल्बला खरा करंट लागतो, म्हणून तो खोटं बोलत नाही. वायरचा माग काढत तो बॅटरीच्या ट्रेखाली पोचला. तिथे अर्थची लग, म्हणजे वायरच्या टोकाची धातूची कडी, ॲसिडने खाऊन हिरवी झालेली, आत जेमतेम चार-पाच तारा. नवी लग दाबली, खालचा पत्रा घासून बोल्ट आवळला आणि गाडी पहिल्या सेल्फला चालू झाली.

म्हणून कोणतीही वाट धरण्याआधी फ्यूज, मेन रिले, प्लस आणि अर्थ लोड टाकून, म्हणजे असाच बल्ब लावून, तपासायला सांगा. कनेक्टर उघडून पिनांवर पाणी किंवा हिरवा थर आहे का, ते स्वतः पाहा. सेन्सरांना ईसीएम ५ व्होल्ट देतं. एखादा सेन्सर आतून शॉर्ट झाला, तर ते ५ व्होल्ट खाली बसतात आणि डबाच मेल्यासारखं वाटतं. सेन्सर एकेक करून काढत गेल्यावर स्कॅनर अचानक जोडला जातो का, हे पाहायला फारसा वेळ लागत नाही. या सगळ्यातून सुटलं आणि पी०६०६ सारखा प्रोसेसरचाच दोष दाखवणारा कोड पुन्हापुन्हा आला, तर मात्र डब्यावर संशय घ्यायला हरकत नाही.

दोन वर्षांनी त्याच गाडीचं ईसीएम खरंच बिघडलं. इंजिन तापलं की गाडी बंद, थंड झालं की चालू. बोर्डावरचा सोल्डर सुटल्याची ही ओळखीची खूण आहे. मी दुरुस्ती निवडली आणि आजही अशा गाडीला तेच सांगेन. नव्याचा खर्च आम्हाला सांगितला गेला तो दुरुस्तीच्या जवळपास पाचपट होता. पण खरं कारण पैसे नाही. डबा तुमचाच राहिला की किल्लीतल्या चिपशी त्याची ओळख कायम राहते, चॅसिस नंबर तोच राहतो, इंजेक्टरचे (इंजिनात डिझेल फवारणाऱ्या भागांचे) कोडही आतच राहतात, त्यामुळे हे सगळं नव्याने भरण्याची, म्हणजे कोडिंगची, भानगड उरत नाही. फक्त दुरुस्ती करणाऱ्याला एक प्रश्न विचारा: हे जळलं कशाने? इंजेक्टर शॉर्ट असेल तर तो ईसीएममधलं त्याला चालवणारं सर्किट (ड्रायव्हर) जाळतो, आणि इंजेक्टर तसाच ठेवून बसवलेलं नवं ईसीएमही त्याच रस्त्याने जातं. ज्याच्याकडे या प्रश्नाचं उत्तर नाही, त्याच्या हाती बोर्ड देऊ नका.

दादाच्या ट्रकची गोष्ट वेगळी. बीएस-६ (प्रदूषणाचे नवे नियम पाळणारी) गाडी, पीथमपूरहून माल भरून नाशिकला निघालेली, मानपूरजवळ बंद पडली. दोन दिवसांपूर्वी बॉडीवर वेल्डिंग झालं होतं आणि बॅटरी किंवा ईसीएमचा कनेक्टर, काहीच काढलेलं नव्हतं. अशा वेळी वेल्डिंगचा करंट ईसीएम जाळू शकतो. इथे आम्ही नवंच घेतलं. ट्रक उभा राहिला की रोजचं भाडं बुडतं, ड्रायव्हर बसून राहतो आणि बोर्ड सुधारेलच याची खात्री कुणी देत नाही. शिवाय १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांमध्ये धूर स्वच्छ करणारा युरिया, धुरातला विषारी वायू मोजणारा नॉक्स सेन्सर, फिल्टर हे सगळं एकमेकांत गुंतलेलं असतं. काही चुकलं तर इंजिन स्वतःच ताकद कमी करतं आणि भरलेली गाडी बिजासनच्या घाटात रांगायला लागते. कंपनीच्या टूलने केलेलं कोडिंग आणि बिलावरची वॉरंटी, या दोन गोष्टींसाठी तिथे जास्त पैसे मोजणं मला पटतं. विम्याच्या भरवशावर मात्र राहू नका, साध्या मोटार पॉलिसीत विजेचा किंवा यांत्रिक बिघाड धरलेला नसतो.

भंगारातल्या डब्याबद्दल मी सावध आहे. वरून सारखा दिसला तरी हार्डवेअर नंबर आणि सॉफ्टवेअर नंबर दोन्ही जुळायला हवेत. जुळले तरी इमोबिलायझर, म्हणजे चोरी रोखणारी यंत्रणा, तुमची किल्ली ओळखणार नाही. तुमच्या डब्यातला डेटा वाचून त्यात उतरवला, म्हणजे क्लोन केला, तरच तो सहसा चालतो, आणि तुमच्या डब्याची मेमरीच मेली असेल तर तेही होत नाही. गाडी जुनी, नवा डबा मिळत नाही आणि क्लोन करणारा तुमच्यासमोर गाडी चालू करून दाखवल्यावरच पैसे घेणारा असेल, तरच ही वाट धरा. याच फेरीत कुणी ईजीआर किंवा डीपीएफ (धुरातलं प्रदूषण कमी करणारे भाग) बंद करून देतो म्हणाला, तर स्पष्ट नाही म्हणा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत असे मनमानी बदल करू देत नाही.

डबा काढण्याआधी त्याच्या लेबलचा आणि प्रत्येक इंजेक्टरवर छापलेल्या कोडचा फोटो काढून ठेवा. नव्या किंवा बदललेल्या ईसीएममध्ये हे कोड भरले नाहीत, तर इंजिन खडखडतं आणि धूर काढतं. आणि जुना डबा दुकानात सोडून येऊ नका. मेमरी शाबूत असेल तर तुमच्या किल्लीची ओळख त्यातूनच मिळते.