दुरुस्ती छापावी की शोधनिबंधच मागे घ्यावा?

तक्त्यातला आकडा चुकला पण निष्कर्ष टिकतो, तर दुरुस्ती पुरे. माहितीच बनावट असेल तर निबंध मागेच घ्यायला हवा. कागदावर सोपं! गोवर, गालगुंड आणि रुबेलावरच्या एमएमआर लसीचा ऑटिझमशी संबंध सुचवणारा ब्रिटिश डॉक्टर वेकफिल्ड यांचा १९९८चा निबंध बघा. २००४मध्ये बहुतेक सहलेखकांनी फक्त लस आणि ऑटिझमच्या संबंधाचा लावलेला अर्थ मागे घेतला, निबंध नव्हे. तो छापणाऱ्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने पूर्ण निबंध मागे घेतला तो २०१०मध्ये. माझ्या मते ही अर्धवट माघार सर्वांत वाईट, कारण निबंध 'छापलेला' म्हणून मिरवत राहिला. याउलट २०२०मध्ये कोविडसाठी वापरलेल्या हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन या औषधावरचा निबंध, मूळ माहिती तपासायला मिळेना म्हटल्यावर, 'लॅन्सेट'मधूनच दोन आठवड्यांत गेला. अर्थात, माघार म्हणजे दरवेळी लबाडी नव्हे. भूमध्य आहारावरचा 'प्रेडिमेड' निबंध सहभागींच्या गटवाटणीतल्या त्रुटींमुळे २०१८मध्ये मागे घेऊन, सुधारून पुन्हा छापला गेला.