जिरावनवाली कॉफी आणि बाबांचं छोटं जातं

आधीच सांगून टाकतो, मी कॉफीतला दर्दी वगैरे नाही. इंदूरचा माणूस, सकाळी पोहे-जलेबी आणि वर एक कट चहा, एवढ्यावर आपलं भागतं. पण आमचे बाबा बँकेच्या नोकरीत चार वर्षं म्हैसूरला होते आणि तिथून येताना पितळेचा फिल्टर आणि सकाळच्या कॉफीची सवय अशा दोन गोष्टी घेऊन आले, त्यातली एकही अजून घरातून गेलेली नाही. इतकी वर्षं तयार पावडरवर चाललं होतं. मागच्या दिवाळीत पुतणीने बंगलोरहून भाजलेल्या बियांचं पाकीट पाठवलं, अख्ख्या बिया, आणि तिथून हा सगळा ग्राइंडरचा घोळ सुरू झाला. दोन ग्राइंडर झाल्यावर लिहितोय, कोणाचे पैसे वाचले तर वाचले.

पहिला प्रयोग अर्थातच मिक्सर. चटणीचं छोटं भांडं घेतलं, बिया टाकल्या, घुर्र केलं, वास काय सुंदर सुटला, बाबा बाहेरच्या खोलीतून उठून आत आले. फिल्टर लावला, कॉफी झाली, बाबांनी एक घोट घेतला आणि म्हणाले, ‘अरे ह्यात जिरावन आहे का?’ होतं! आदल्याच आठवड्यात आईने त्या भांड्यात जिरावन, म्हणजे पोह्यांवर भुरभुरायचा आमचा इंदुरी मसाला, केलं होतं आणि आमच्या घरचं जिरावन म्हणजे हिंग, सुंठ, काळं मीठ सगळं दणकून असतं, ते भांडं दहा वेळा घासा, झाकणाच्या रबरात वास राहतोच. तर पहिला धडा, मिक्सरवरच करायचं असेल तर कॉफीचं भांडं वेगळं ठेवा.

वेगळं भांडं आणलं तरी कॉफी जमेना. एक दिवस फिल्टरमधून थेंबच पडेना, रात्री लावलेला सकाळी बघतो तर वर पाणी तसंच. दुसऱ्या दिवशी जरा कमी फिरवलं तर डिकॉक्शन, म्हणजे फिल्टरमधून उतरणारा कॉफीचा अर्क, पाण्यासारखं सरसर खाली. मग मी एक उद्योग केला, मिक्सरमधली 20 ग्रॅम पावडर आईच्या मैद्याच्या चाळणीने चाळून वजनकाट्यावर ठेवली. सहा-सात ग्रॅम अगदी पिठूळ, आणि वर राहिलेल्यात अर्ध्या-अर्ध्या बियांचे तुकडे. म्हणजे एकाच फिल्टरमध्ये मैदा पण आणि भरड पण. पिठातून कडवटपणा लवकर उतरतो, वरून ते भोकं बुजवतं, आणि तुकड्यांच्या आतलं काही बाहेर येतच नाही, ते आंबट-पाणचट राहतात. कडू आणि आंबट एकाच कपात, बाबांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

हे आईला सांगत होतो तर ती भाकरी थापता थापता म्हणाली, ‘मिक्सर कापतो रे, दळत नाही. दळायला जातं लागतं.’ नंतर मी इंटरनेटवर तीन रात्री व्हिडिओ बघितले, त्यांचं सगळ्यांचं म्हणणं शेवटी एवढंच निघालं. मिक्सरचं पातं किती वेळ फिरलं त्यावर जाडी ठरते, आणि पात्याखाली जी बी चार वेळा सापडली तिचं पीठ, जी उडून वर बसली ती तशीच. बर्र ग्राइंडरमध्ये पोलादाचे नाहीतर सिरॅमिकचे दोन दातेरी तुकडे असतात, त्यांनाच बर्र म्हणतात, एक फिरतो एक स्थिर, मधल्या फटीतून जेवढं जाईल तेवढंच खाली पडतं. फट ठरली की जाडी ठरली. जात्याचं तेच ना, वरचा दगड किती टेकला त्यावर रवा का पीठ.

आता खरेदी. आधी वाटलं बाजारातच बघू. जेल रोडला तीन दुकानं फिरलो, तिन्हीकडे मिक्सरच दाखवला, एक जण म्हणाला, ‘भिया इसमें हल्दी की गाँठ पिस जाती है, कॉफी क्या चीज है.’ सियागंजात मिरी-वेलची पोत्याने मिळते पण कॉफी ग्राइंडर म्हटल्यावर लोक तोंडाकडे बघतात. म्हणजे ऑनलाइनच घ्यायचं. तिथे मी पहिली चूक केली, साडेबाराशेचा एक सिरॅमिक बर्रवाला हाताचा ग्राइंडर मागवला, नाव नाही सांगत, त्याच्यासारखे पन्नास आहेत, सगळे सारखेच दिसतात, पारदर्शक डबी, वर स्टीलचा दांडा. बारीक दळायला तो ठीकठाक होता, वेळ लागायचा, 20 ग्रॅमला पाच मिनिटं आणि मनगट वेगळं दुखायचं, पण व्हायचं. जाड केलं की मात्र सगळा खेळ खल्लास, कारण बर्र फिरवणारी आतली दांडी फक्त एकाच ठिकाणी धरलेली, फट वाढवली की बर्र डुलायला लागतो, एका बाजूला फट मोठी एका बाजूला छोटी, म्हणजे परत मैदा आणि भरड. आणि दळता दळता हँडल निसटून खाली, दोनदा माझ्या पायावर. सिरॅमिक वाईट असतं असं नाही, गंजत नाही, धार बरीच टिकते, पण स्वस्त ग्राइंडरमध्ये मूळ भानगड बर्रची नसते, दांडीची असते. विकत घेताना कोणी हे बघत नाही, सगळे ‘सिरॅमिक का स्टील’ यातच अडकतात. दांडीला वर-खाली दोन्हीकडे बेअरिंग आहे का, एवढं आधी बघा.

मग इलेक्ट्रिकचा विचार केला. न्यू जर्सीचा मामेभाऊ म्हणाला, दादा मी येताना बराट्झा एन्कोर नावाचा इलेक्ट्रिक ग्राइंडर आणतो, इथे सेलमध्ये आहे. चांगली मशीन आहे ती, जाडीच्या 40 सेटिंग, कोनिकल म्हणजे शंकूच्या आकाराचे बर्र, सुटे पार्ट मिळतात, घरच्या इलेक्ट्रिकमध्ये सगळे तिचंच नाव घेतात. मी खूश, पण आमच्या मेहुण्याने विचारलं, व्होल्टेज किती? तिकडची मशीन 110 ची, आपलं 230. तिकडचा नुसता प्लग बदलून इकडे लावला तर मोटर गेलीच समजा, आणि तेवढ्यासाठी जडजूड ट्रान्सफॉर्मर ओट्यावर कोण ठेवणार, ओट्यावर आधीच मिक्सर, वॉटर फिल्टर आणि आईचे डबे. इकडची 230 वाली मिळते पण किंमत बघून मी टॅब बंद केला. अजून एक सांगतो, इलेक्ट्रिकमध्ये तीन-चार हजारांत ‘बर्र ग्राइंडर’ म्हणून जे असतं त्यात पुष्कळदा नुसती दातेरी चाकं असतात जी बी चिरडतात, त्यापेक्षा थोडे पैसे वर घालून हाताचा चांगला येतो, कारण त्यात मोटरचा खर्चच नाही, सगळा पैसा बर्र आणि बेअरिंगमध्ये जातो.

शेवटी टाइममोअर सी2 हा हाताचाच ग्राइंडर घेतला. चायनीज कंपनी, ॲल्युमिनियमची बॉडी, 38 एमएमचे स्टीलचे बर्र, मला साडेपाच हजारांच्या आसपास पडला, सेलमध्ये मागे-पुढे होतं. हातात घेतल्यावर पहिल्यांदा जाणवतं ते वजन, आणि हँडल फिरवलं की काही खडखड नाही, नुसतं गुळगुळीत. 20 ग्रॅम बिया मिनिटभरात दळून होतात, हलक्या भाजलेल्या असतील तर थोडा जोर आणि वेळ जास्त, कारण त्या कडक असतात, गडद भाजलेल्या लोण्यासारख्या जातात. चाळणीचा प्रयोग परत केला, पीठ दोन ग्रॅमपण निघालं नाही आणि वर तुकडा एक नाही. बाबांनी पहिली कॉफी प्यायली आणि काहीच बोलले नाहीत, दुसरा कप मागितला. आमच्या घरात याला फाइव्ह स्टार म्हणतात.

जाडी बदलायची पद्धत अशी, खालची डबी काढायची, बर्रच्या खाली एक चकती आहे ती टक टक करत फिरवायची. आधी पूर्ण घट्ट करायची, हँडल हलेनासं होईपर्यंत, तो शून्य, तिथून उलटे टक मोजायचे. आमच्याकडे पितळी फिल्टरला 13, मोका पॉटला (गॅसवर ठेवून वाफेच्या दाबाने कॉफी करायचं भांडं) 14-15 आणि पुतणीने दिलेल्या फ्रेंच प्रेसला (पावडर पाण्यात भिजवून वरून जाळी दाबायचं भांडं) 25. तुमचा आकडा वेगळा येईल, बियांवर असतं ते. स्वयंपाकघराच्या भाषेत सांगायचं तर फ्रेंच प्रेसला लापशीचा जाड रवा, फिल्टरला अगदी बारीक रवा, चिमटीत धरल्यावर कण लागले पाहिजेत, पिठासारखं झालं तर एक टक मागे. एस्प्रेसोची मशीन असेल घरात तर मात्र हा घेऊ नका, त्याला फार थोड्या-थोड्या फरकाने जाडी बदलावी लागते आणि ह्याचे टक त्यासाठी मोठे आहेत. आणि रोज सकाळी फिल्टर, संध्याकाळी फ्रेंच प्रेस असं चालत असेल तर किंग्राइंडर के6 हा हाताचा ग्राइंडर बघा, त्याची जाडी बदलायची रिंग बाहेरून फिरते, बर्र पण 48 एमएमचा आहे, दरवेळी डबी उघडून टक मोजायला नको. किंमत वाढते, आम्हाला त्याची गरज नव्हती, बाबांचा 13 नंबर म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

एक गंमत. मी सगळ्या बिया एकदम भरून ग्राइंडर सरळ उभा धरून जोरात फिरवायचो. आई बघत होती, म्हणाली, जात्यात कधी पसाभर दाणे एकदम ओततात का, मूठ-मूठ वैरण घालायची. मी हसण्यावारी नेलं, नंतर कळलं की कॉफीवाले पण हेच करतात, ग्राइंडर थोडा तिरका धरतात म्हणजे बिया हळूहळू बर्रमध्ये उतरतात, हँडल हलकं जातं आणि पीठही कमी होतं. करून बघितलं, खरंच आहे.

दुसरी गोष्ट स्टॅटिकची, म्हणजे घासून तयार होणाऱ्या स्थिर विजेची. जानेवारीत इंदूरची हवा इतकी कोरडी की डबी उघडली की अर्धी पावडर भिंतींना चिकटलेली, उरलेली आईच्या ओट्यावर, आणि मग जे ऐकावं लागतं ते ऐकावं लागतं. उपाय एकदम सोपा, दळायच्या आधी चमच्याची दांडी पाण्यात बुडवून बियांमध्ये फिरवायची, थेंबभर पाणी बस. मला वाटलं हे टोटके आहेत, पण ओरेगॉन विद्यापीठाच्या लोकांनी ज्वालामुखीच्या राखेतल्या विजेचा अभ्यास करणाऱ्यांना बरोबर घेऊन यावर रीतसर संशोधन केलंय, 2023 मध्ये आलं ते, पाण्याने स्टॅटिक कमी होतं आणि गुठळ्या पण कमी होतात. पावसाळ्यात गरजच पडत नाही.

धुवायचा मात्र नाही हां, स्टीलचे बर्र आहेत, गंज धरेल. आठवड्यातून एकदा ब्रशने झटकायचा, पुरे. आणि चिकोरी, म्हणजे कॉफीत मिसळतात ते भाजलेलं मूळ, त्यात घालू नका, ती दळलेलीच आणा आणि फिल्टर भरताना मिसळा. मसाले तर अजिबातच नाही, आमच्या काकूंनी ‘वेलची छान होईल रे ह्यात’ म्हटलं होतं, तेव्हापासून तो माझ्या कपाटात असतो.

आता कोणी घेऊ नये तेही सांगतो. घरात सहा-आठ जण कॉफी पिणारे असतील तर हाताचा घेऊ नका, यात एका वेळी 20-25 ग्रॅमच मावतात. गणपतीत पाहुणे आले तेव्हा मी तीन घाणे काढले आणि आरतीला टाळ वाजवायला हात उचलेना. खांदा धरलेला असेल, संधिवात असेल तर इलेक्ट्रिकच बघा, आईला माझ्या हँडलचा जोर जमत नाही, बाबांना जमतो, पण तेही बसून, ग्राइंडर मांडीत धरून. आणि चिकोरीवाली, भरपूर दूध, दोन चमचे साखर अशीच कॉफी आवडत असेल तर खरं सांगतो, साडेपाच हजारांतला अर्धा फरक दुधातच बुडतो. त्यापेक्षा मिक्सरला एक वेगळं भांडं घ्या, थांबून थांबून फिरवा, मधे भांडं हलवा, चाळणीने मोठे तुकडे काढून परत फिरवा, काम चालून जातं. आमच्याकडे बाबांची दुधाची आणि माझी आता काळी, म्हणून पैसे वसूल. हो, मी पण प्यायला लागलो, काय करणार, दळतो मीच ना.

पाण्याचं एक राहिलं. आमच्याकडे नर्मदा एक दिवसाआड येते, मधल्या दिवशी बोअरिंग. बोअरिंगच्या जड पाण्यात तीच बी, तोच 13 नंबर, कॉफी निव्वळ मातकट लागते. आठवडाभर मी ग्राइंडरला दोष देत टक मागे-पुढे करत बसलो होतो, चूक नळाची निघाली. आता नर्मदेचं पाणी कॉफीसाठी वेगळं भरून ठेवतो. चोथा ओल्या कचऱ्याच्या डब्यात, सकाळी गाडीत, तिथून देवगुराडियाच्या प्लांटला, त्याचा गॅस होतो म्हणे, बाबा म्हणतात माझ्या कॉफीवर सिटी बस चालते.

बिया कुठून घेता असं विचारणार असाल तर आम्ही चिकमगळूरच्या मागवतो, मध्यंतरी नागपूरच्या कॉरिडॉर सेव्हनच्या पण घेतल्या होत्या, छान होत्या. पाकिटावर भाजल्याची तारीख बघा, एका वेळी पाव किलोच घ्या आणि लागेल तेवढंच दळा. आत्ता सकाळचे सहा वाजलेत, आतून खर्र खर्र आवाज येतोय, मिक्सर असता तर अख्खं घर उठलं असतं, आणि बाबांनी परत माझ्या आधी ग्राइंडर पळवलाय.