जुन्या पीएसपी-१००० वर पाटापॉन: काही महिन्यांच्या वापरानंतर

पाटापॉन हा सोनीच्या पीएसपी या हातात धरायच्या गेम यंत्रावरचा २००७ चा गेम; बटणांनी ढोल वाजवून छोट्या फौजेला हुकूम द्यायचे. तो कसा खेळायचा ते फार सांगत बसत नाही. चार ठोके आपले, पुढचे चार फौजेचे, वेग १२० बीपीएम (मिनिटाला १२० ठोके), म्हणजे ठोक्याला अर्धा सेकंद. पीएसपी-१००० वर खेळणार असाल तर सगळ्यात आधी चौकोनाचं बटण तपासा. चौकोन म्हणजे पाटा हा ढोल, गोल म्हणजे पॉन; पुढे चालायचा हुकूम पाटा-पाटा-पाटा-पॉन, म्हणजे चौकोन तीनदा. हल्ला, बचाव, माघार, सगळीकडे पाटा आहेच. ते बटण एकदा हुकलं की फीव्हर, म्हणजे सलग अचूक ठोक्यांनी फौजेला चढणारा जोश, गेला, आणि फीव्हर गेला की मोठ्या बॉससमोर फौज कापली जाते. माझं बटण अडकायला लागलं तेव्हा दुरुस्तीवाल्याने थेट बोर्ड बदलायला सांगितलं. साफ चुकीचा सल्ला, आणि महागडा.

दोष कुठे आहे ते कानाने कळतं. आवाज आला पण बिघडलेला आला, तर टायमिंग चुकतंय. आवाजच आला नाही, तर बटण. सुरुवातीच्या मॉडेलमध्ये चौकोन स्क्रीनला खेटून आहे, त्यामुळे खालचा संपर्क बटणाच्या बरोबर मध्यात येत नाही. त्यात रबर पॅडखाली मळ साचला की दाब वाया जातो.

उघडण्याआधी बॅटरी काढा. बॅटरीच्या खाचेत स्टिकरखाली स्क्रू आहेत. ते राहिले आणि कव्हर ओढलं तर तडकतं. पॅड उचला, ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये ओलसर केलेल्या कापसाच्या काडीने संपर्क हलकेच पुसा. काळा कार्बन घासू नका, तो निघाला तर बटण कायमचं जातं. नीट वाळल्यावरच बंद करा. मागचं झाकण बसत नसेल तर बॅटरी फुगली आहे; दाबून बसवू नका, १८०० एमएएचची नवी घ्या.

साहित्यासाठी तीच ती शिकार पुन्हा करणं सुरुवातीला मला वेळकाढूपणा वाटायचं. आता नाही वाटत. हात ठोक्यावर बसतो तो तिथेच. वाळवंटात पाऊस पाडायचा डॉन, डोडॉन, डोडॉन हा ठेका (डॉन म्हणजे फुलीचं बटण) फीव्हरमध्येच चालतो आणि त्याचे काही ठोके दोन ठोक्यांच्या मधल्या जागेत पडतात. शिकारीत हात तयार नसेल तर फौज उन्हात जळते.

२०१७ ची पीएस४ आवृत्ती दिसायला स्वच्छ आहे, पण टीव्हीवर ठोका उशिरा पोचतो. टीव्हीचा गेम मोड, म्हणजे हा उशीर कमी करणारी सेटिंग, चालू केला तर फरक पडतो, तरी वायरच्या हेडफोनवर पीएसपीत जो नेमकेपणा मिळतो तो तिथे मिळत नाही. म्हणून बटण चांगलं असलेला पीएसपी मिळाला, तर मी तोच घेईन.