कोपऱ्यावरचा ढीग आणि तक्रारीचं ॲप: आठ महिन्यांचा हिशेब

महापालिकेचं तक्रारीचं ॲप मोबाईलवर घेतलं ते जूनमध्ये, पहिल्या पावसानंतर. निमित्त नाशिकच्या इंदिरानगरमधल्या आमच्या कॉलनीतला कोपरा. तिथे विजेचा डीपी आहे आणि डीपीच्या आडोशाला कायमचा ढीग. शहाळी, थर्माकोल, डायपर, आणि एका सकाळी चक्क कापसाची गादी. पाऊस आला की सगळं रस्त्यावर, मग मोकाट कुत्री त्याची वाटणी करणार.

वापरायला ॲप सोपं आहे. फोटो काढायचा, जागा दाखवायची, पाठवायचा. पहिल्या तक्रारीला दुसऱ्याच दिवशी ट्रॅक्टर आला, ढीग गेला, पांढरी पावडर पडली, ॲपवर 'निकाली' आलं. मी सोसायटीच्या ग्रुपवर मिरवून घेतलं. चौथ्या दिवशी ढीग हजर!

ऑगस्टपर्यंत नऊ तक्रारी केल्या. सात वेळा कचरा उचलला. दोन वेळा कुणी फिरकलंच नाही, पण तक्रार बंद झाली, पुराव्याला भलत्याच जागेचा फोटो लावून. (आमच्या कोपऱ्यावर गुलमोहर आहे, फोटोत कडुनिंब होता.)

शेवटी झाडणाऱ्या मावशींनाच विचारलं. त्या म्हणाल्या, "ताई, बाहेरचं कुणी नाही टाकत. सकाळी साडेसहाला गॅलरीत उभ्या राहून बघा." राहिले. आमच्याकडे निम्मी घरं सातपूर-अंबडच्या कंपन्यांतली, पहिली पाळी सातची. घंटागाडी यायची सव्वानऊला. नवरा-बायको दोघंही कामावर, दाराला कुलूप, मग पिशवी गाडीच्या हँडलला आणि तिथून डीपीमागे. रागावले होते, पण मीही नोकरीत असताना ऑफिसजवळच्या कुंडीत पिशवी टाकलेली आहे, ते आठवलं.

नाशिकला घंटागाडी नव्वदच्या दशकापासून आहे. सासूबाई तर गाडीवर आता गाणं वाजतं तरी 'घंटा झाली' असंच म्हणतात. एवढ्या जुन्या सोयीची वेळ बदलून मागायची, तर ॲपच्या यादीत तो पर्यायच नाही. कचरा, मेलेलं जनावर, ड्रेनेज, पथदीप, बस. म्हणून महापालिकेत ३२ सह्यांचा कागदी अर्ज दिला. दोन हेलपाटे झाले, एकदा साहेब मीटिंगला, एकदा अर्जच सापडेना. दसऱ्याच्या सुमारास गाडी आमच्या गल्लीत सकाळी सहा-वीसला यायला लागली, आणि ढीग निम्म्याहून कमी झाला. उरलेला होता डायपरचा. गाडीवरच्या दादांनीच सांगितलं, ते कागदात नीट गुंडाळून सुक्या कचऱ्याबरोबर द्यायचं. घरी आल्यावर वाचलं, २०१६ च्या घनकचरा नियमांत खरंच तसं होतं (२०२६ मध्ये ते नियम बदलले). आम्ही इतकी वर्षं ओल्यातच कोंबत होतो.

पथदीपाची तक्रार मात्र ॲपवरच केली. डीपीजवळचा दिवा मेपासून बंद होता. त्या अंधारात संध्याकाळी बाटल्या घेऊन बसणारं टोळकं, त्यामुळे क्लासवरून येणाऱ्या मुली लांबच्या रस्त्याने फिरून यायच्या. दिवा लागायला तीन आठवडे गेले. लागल्यावर टोळकं उठलं, आणि रात्री गुपचूप येणाऱ्या पिशव्याही थांबल्या, ते मी धरलंच नव्हतं. टोळकं आता नाल्यापलीकडे बसतं. तिकडच्या लोकांना माझा नंबर देऊन ठेवलाय.

दिवाळीच्या साफसफाईत ढीग दोन दिवस परत होता, नाही म्हणणार नाही.

ॲप काढून टाकलेलं नाही. गेल्या आठवड्यात चेंबरचं झाकण तुटलं, फोटो टाकला, तिसऱ्या दिवशी नवं बसलं. असल्या कामांना बेलाशक वापरा. रोज उगवणाऱ्या ढिगासाठी मात्र अर्ज करा, आणि शिक्क्याची पोच हातात पडल्याशिवाय टेबलापासून हलू नका.