उशिरा बोलणाऱ्या मुलासाठी वाचा-उपचार : सहा महिन्यांच्या अनुभवानंतर

आमचा मुलगा २५ महिन्यांचा झाला, तेव्हा त्याच्या तोंडी आमच्या मोजणीप्रमाणे जेमतेम ९ शब्द होते. घरातील वडीलधारी मंडळी "मुलगे उशिराच बोलतात" असे सांगून धीर देत होती. मात्र त्याच्या बरोबरीची मुले 'बाबा ये', 'अजून दे' असे दोन शब्द जोडू लागली होती आणि आम्ही दोघे रोज रात्री त्याचे शब्द पुन्हा पुन्हा मोजत बसत होतो. अखेर बालरोगतज्ज्ञांच्या सल्ल्याने आम्ही एका वाचा-उपचार केंद्रात नाव नोंदवले. आठवड्यातून एकदा, ४५ मिनिटे, असे सहा महिने आम्ही तेथे जात आहोत.

या केंद्राबद्दल मला सर्वप्रथम विश्वास वाटला तो एका नकारामुळे. श्रवणचाचणी झाल्याशिवाय उपचार सुरू करणार नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. दाराची घंटा वाजली की तो धावत येतो, म्हणजे त्याला ऐकू येते, असे आम्ही गृहीत धरले होते. मोठा आवाज कळणाऱ्या मुलालाही 'स', 'फ' यांसारखे हलके ध्वनी नीट ऐकू येत नसण्याची शक्यता असते, आणि सर्दीनंतर मधल्या कानात द्रव साचून राहिल्यास ऐकणे काही काळ मंद होऊ शकते, हे तेथे समजले. सुदैवाने त्याचे दोन्ही कान ठीक निघाले.

पहिल्या मूल्यमापनाला दीड तास लागला. शब्दसंख्येपेक्षा त्याला किती समजते याचीच चौकशी अधिक झाली : हवी ती वस्तू तो बोटाने दाखवतो का, आपण दाखवलेल्या दिशेला पाहतो का, हाताने खूण न करता सांगितलेले काम करतो का, बाहुलीला खोटेखोटे भरवतो का. कुत्र्यासाठी दर वेळी 'भू' म्हणणे हाही शब्दच, असे त्यांनी सांगितल्यावर आमचे ९ शब्द १४ झाले. दोन वर्षांच्या सुमारास साधारण ५० शब्द आणि दोन शब्दांची जोडणी अपेक्षित असते. ती नसल्यास तपासणी करून घ्यावी, पण तेवढ्यावरून निदान होत नाही, हेही त्यांनी शांतपणे समजावले. येत असलेले शब्द मुलाने गमावले, तर मात्र वय कोणतेही असो, थांबू नये, असे त्यांनी बजावले. घरात दोन भाषा बोलल्या जातात म्हणून मूल मागे पडले, ही माझ्या मनातील अपराधी भावनाही त्यांनी दूर केली. दोन भाषांमुळे वाचादोष निर्माण होत नाही.

खरे काम त्यानंतर सुरू झाले, आणि ते मुलापेक्षा आमच्यावर अधिक होते. दुसऱ्या आठवड्यात माझ्या आणि त्याच्या खेळाचे पाच मिनिटांचे चित्रीकरण करून ते मला दाखवण्यात आले. "हे काय आहे? हा कोणता रंग? बोल ना!" अशी मी त्याच्यावर सतत प्रश्नांची सरबत्ती करत होते आणि उत्तरासाठी दोन सेकंदही थांबत नव्हते. ते पाहताना मला फार वाईट वाटले, पण उपचारतज्ज्ञांनी दोष न देता काय बदलायचे ते दाखवले. साबणाचे फुगे एकदा उडवायचे, झाकण लावायचे, त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर बसायचे आणि मनात दहा आकडे मोजत गप्प राहायचे. ते दहा आकडे मला अत्यंत कठीण गेले. सातव्या आठवड्यात त्याच शांततेत त्याने माझ्याकडे पाहून, हात पुढे करून, स्वतःहून 'दे' म्हटले. तो 'गाडी' म्हणाला की आपण 'गाडी गेली' म्हणायचे, त्याच्याकडून ते वदवून घ्यायचे नाही, हा नियमही आता आमच्या अंगवळणी पडला आहे.

काही बाबतींत मात्र केंद्राने सुधारणा करायला हवी. लेखी अहवाल इतका पारिभाषिक आहे की दुसऱ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय तो आम्हाला कळला नाही. चौथ्या महिन्यात पूर्वसूचना न देता उपचारतज्ज्ञ बदलण्यात आल्या आणि मुलाने नवीन व्यक्तीजवळ बसायलाच तीन आठवडे घेतले. मला सर्वांत खटकते ते प्रतीक्षाकक्षातील अखंड चालू असलेले दूरदर्शन. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार दोन वर्षांच्या मुलाला दिवसाला एका तासापेक्षा अधिक काळ पडद्यासमोर बसवू नये, तेही जितके कमी तितके चांगले. आत हाच सल्ला मिळतो आणि बाहेर वीस मिनिटे मुले पडद्याकडे पाहत बसतात. आम्ही दोनदा सांगूनही तो बंद झालेला नाही.

आता ३१ महिन्यांच्या वयात तो शंभराहून अधिक शब्द वापरतो आणि दोन-दोन शब्द जोडतो. त्याचे उच्चार परक्या माणसाला अजून पुरते कळत नाहीत. उशिरा बोलणारी काही मुले उपचारांविनाही इतरांच्या बरोबरीने येतात, त्यामुळे या प्रगतीचे सारे श्रेय मी केंद्राला देणार नाही. परंतु कोणती मुले येतील हे आधी ओळखता येत नाही, म्हणून केवळ वाट पाहत न बसल्याचे मला समाधान आहे. मुलाला आत सोडून बाहेर थांबण्याची अपेक्षा असलेल्या पालकांची येथे निराशा होईल. रोज घरी थोडा वेळ खाली बसून खेळण्याची तयारी असेल, तर मी हे केंद्र निःसंकोच सुचवेन. आम्ही आता पंधरवड्यातून एकदा जाणार आहोत; पुढील मूल्यमापन तो तीन वर्षांचा झाल्यावर होईल.