न्यूयॉर्क १७९२ की मॅसॅच्युसेट्स १८१२?

भाचीला कॉलेजच्या प्रकल्पासाठी अमेरिकेतली गव्हर्नरपदाची एक जुनी निवडणूक घ्यायची आहे आणि ती या दोन निवडणुकांत अडकली आहे.

प्रसंगातलं नाट्य न्यूयॉर्कमध्ये जास्त. जॉर्ज क्लिंटन ८,४४० मतं, जॉन जे ८,३३२. फरक फक्त १०८. पण ओट्सेगो, टायोगा आणि क्लिंटन या तीन काउंट्यांची (जिल्ह्यांची) मतं मोजलीच नाहीत. ओट्सेगोची मतपेटी पाठवणाऱ्या शेरीफची, म्हणजे काउंटीच्या अधिकाऱ्याची, मुदत संपली होती, एवढ्या कारणावरून! निकाल देणाऱ्या समितीत बहुमत क्लिंटनच्या माणसांचं. वाचताना मला आजही चीड येते.

मॅसॅच्युसेट्समध्ये गव्हर्नर एल्ब्रिज गेरी यांनी फेब्रुवारी १८१२ मध्ये राज्याच्या सिनेटचे (वरिष्ठ सभागृहाचे) मतदारसंघ आपल्या पक्षाच्या सोयीने आखणाऱ्या कायद्यावर सही केली. एप्रिलमध्ये ते स्वतः केलेब स्ट्राँगकडून हरले, सिनेट मात्र पक्षाकडेच राहिलं. गव्हर्नर सगळं राज्य निवडतं, तिथे सीमारेषांची चलाखी चालत नाही.

समजावायला मॅसॅच्युसेट्स सोपं: नकाशा दाखवला की काम झालं. ‘जेरीमँडर’ (मतदारसंघांची अशी सोयीची आखणी) हा शब्द तिथलाच, गेरींच्या नावावरून. न्यूयॉर्कसाठी आधी मतमोजणीची पद्धत सांगावी लागते, शिवाय शंभर पौंडांची जमीन असणाऱ्यालाच गव्हर्नरसाठी मत होतं, तेही.

दहा मिनिटांचं सादरीकरण असेल तर मॅसॅच्युसेट्स घे. मोठा निबंध असेल, मत कोण मोजतं हा प्रश्न खोलात न्यायचा असेल, तर न्यूयॉर्कच.