फोर्ट कोचीत कथकली बघणार असाल तर पाचलाच पोचा

फोर्ट कोचीतल्या केरळ कथकली सेंटरमध्ये संध्याकाळी सहाला प्रयोग सुरू होतो. पण तिकिटाचे पैसे खरे वसूल होतात ते आधीच्या तासात. पाचपासून रंगभूषा प्रेक्षकांसमोरच चालते आणि बरेच जण सहाला येऊन तिला मुकतात. लवकर जा, पुढची रांग धरा.

नट आधी स्वतःच चेहरा रेखतो, नारळाच्या हिराने. हरताळ आणि नीळ मिळून हिरवा, हिंगुळाचा लाल, काजळीचा काळा. रंग खोबरेल तेलात खललेले. मग तो चटईवर उताणा झोपतो. चुट्टी लावणारा उशाशी बसून गालांच्या नि हनुवटीच्या कडेने पांढरी झालर, म्हणजेच चुट्टी, चढवतो. पूर्वी ती निव्वळ तांदळाची पिठी आणि चुना यांच्या थरांची असे, आता त्या लेपात कापलेला कागद बसवतात. लेप पातळ झाला तर ओघळतो, जाड झाला तर तडकतो, म्हणून वाळेपर्यंत नट जबडा हलवत नाही. शेवटी वांग्याच्या कुळातल्या चुंड या रोपाच्या फुलातला इवलासा कण खालच्या पापणीत ठेवतात. डोळे लालबुंद होतात आणि प्रयोगभर तसेच राहतात. परंपरेने या सगळ्याला तीन-चार तास लागतात, त्यामुळे इथे काही काम आत आधीच उरकलेलं असतं, हे धरून चला.

हा रंग म्हणजे पात्राच्या स्वभावाचा जाहीर दाखला. हिरवा चेहरा म्हणजे 'पच्चा': नळ, अर्जुन, कृष्ण. लाल दाढी दुःशासनाची. काळा 'करी' वेष राक्षसिणींचा. पात्राने हालचाल करण्याआधीच आपलं मन कौल देऊन मोकळं होतं. काळा म्हणजे दुष्ट हे समीकरण मला खटकतं; लग्नाच्या बायोडेटात 'गोरी' शोधणाऱ्या आपल्या घरांत तेच चालतं.

पण कथकली तिथेच थांबत नाही, म्हणून ती इतकी मोठी. कीचक, रावण, दुर्योधन यांचा 'कत्ती' वेष नीट बघा. मूळ रंग अर्जुनाचाच हिरवा, कारण ही माणसं कुळाने आणि पराक्रमाने थोर. त्यावर गालांवर सुरीसारखा लाल पट्टा आणि नाकाच्या शेंड्यावर, कपाळावर पांढरे गोळे. थोरपण पुसलेलं नाही, त्यावर दुर्गुण चढलाय. कानही उघडे ठेवा: पच्चा पात्र तोंडातून आवाज काढत नाही, कत्ती गुरगुरतो. आणि 'ललिता' आली तर फसाल. चेहरा स्त्रीवेषाचा, सौम्य पिवळसर, आत राक्षसीण. तिचं खरं रूप नट फक्त डोळ्यांतून दाखवतो. मागे बसलेल्याला ते दिसत नाही.

पूर्ण रात्रीचं आख्यान दीड तासात बसवल्यामुळे पदं कापली जातात आणि संथ अभिनय घाईत उरकतो. कथकली मुरलेल्यांची भूक इथे भागणार नाही, त्यांनी देवळातला रात्रभराचा प्रयोग गाठावा. पहिल्यांदा बघणाऱ्याला मात्र याहून चांगली सुरुवात नाही.

कथा बदलत असतात, तेव्हा आज कुठली आहे ते तिकीट काढताना विचारा. निवडता आली तर किराताची निवडा. समोर काळ्या दाढीचा रानटी शिकारी, तो खुद्द शंकर. हिरव्या चेहऱ्याचा अर्जुन त्याला हिणवतो, बाण संपेपर्यंत लढतो, मग धनुष्यानेच मारायला धावतो. त्या वेळी शिकाऱ्याकडे नको, अर्जुनाच्या भुवयांकडे बघा.